खिडकीतलं कोपर

क्लचमास्तरांच्या घरात एका माणसाचं नुसतं कोपर राहत होतं. हसू नका, खरंच राहत होतं. बाहेरच्या खोलीत, खुर्चीत बसलं की मान वर न करता दिसेल अशा उंचीवर एक फोटो टांगलेला होता. फोटो तळहाताएवढा, पण फ्रेम अशी दणकट की खिळा दोनदा भिंतीतून निसटून पडला तरी काचेला ओरखडा नाही. फोटोत माळावर तिरका उभा असलेला एक लष्करी ट्रक. ट्रकपुढे डोक्याला रुमाल बांधलेली एक वाळकी बाई, तिच्या हातात चादरीत गुंडाळलेलं गाठोडं. आणि ट्रकच्या खिडकीवर टेकलेलं एक कोपर, जाड कोटाच्या बाहीतलं. चेहरा नाही, टोपी नाही, काही नाही. आत सगळा अंधार.

बाई म्हणजे मास्तरांची आई. गाठोडं म्हणजे खुद्द मास्तर, काही महिन्यांचे. आणि कोपर म्हणजे तो ड्रायव्हर, ज्याने मोठ्या लढाईच्या धामधुमीत रस्त्याकडेला उभ्या असलेल्या या बाईला आणि तिच्या दोन लेकरांना ट्रकमध्ये घेतलं आणि सुखरूप आणून सोडलं. दुसरं लेकरू म्हणजे ताई, मास्तरांहून बरीच मोठी. ती फोटोत नाही. ती मागे ट्रकमध्ये झोपली होती, असं आई सांगायची.

हा फोटो मास्तरांनी लहानपणी ट्रंकेच्या तळाशी, जुन्या कपड्यांखाली शोधून काढला होता आणि आईच्या नाकासमोर नाचवून विचारलं होतं, हा ट्रक कोणाचा? आई जरा गडबडली, मग म्हणाली, यातूनच तर आलो आपण. झालं. त्या दिवसापासून पोराला दुसरं काही सुचेना. ड्रायव्हर कसा होता, मिशा होत्या का, काय बोलला, आपल्याला खायला दिलं का, हजार प्रश्न. आई एकेक उत्तर द्यायची. मिशा होत्या. फार बोलायचा नाही. स्वतःची पाण्याची बाटली त्याने आपल्याला दिली. चढावर ट्रक थांबला तेव्हा ‘बाई, घाबरू नका’ म्हणाला. पोराला अंधाराची भीती वाटायची, रात्री दचकून उठायचं. मग आई ट्रकची गोष्ट सांगायची आणि ट्रक चढ चढून जाईपर्यंत पोरगं झोपलेलं असायचं.

मोठेपणी असला मुलगा दुसरं काय होणार? ड्रायव्हर झाला. आधी मालाचे ट्रक चालवले, लग्न झाल्यावर घराच्या ओढीने ड्रायव्हिंग शाळेत शिकवायला लागला. अर्ध्या गावाला गाडी चालवायला मास्तरांनी शिकवलं आणि उरलेल्या अर्ध्या गावाला त्यांचा आवाज माहीत होता. गाडी गल्लीच्या टोकाला असतानाच ‘क्लच! अहो क्लच दाबा!’ अशी हाक ऐकू यायची आणि रस्त्यातली माणसं आपोआप बाजूला व्हायची. क्लचमास्तर हे नाव तिथलं. खरं नाव बँकेलाही आठवत नसेल.

पण मास्तरांची ओळख आवाजापेक्षा दुसऱ्याच गोष्टीसाठी होती. हा माणूस रस्त्यात थांबायचा. कोणी म्हातारं ओझं घेऊन चाललंय, थांबले. कोणी बाई मूल कडेवर घेऊन उन्हात उभी आहे, थांबले. कोणाची गाडी बंद पडलीय, मग तर काय, बाह्या सरसावून खालीच घुसले. शिकाऊ माणूस स्टिअरिंगवर घामाघूम झालेला असताना मास्तर मागचं दार उघडून सांगायचे, ‘बसा बसा, आमचं शिकणंही होईल आणि तुमचं पोचणंही.’ शाळेच्या मालकाने हात टेकले. बायको होती तोवर म्हणायची, यांच्याबरोबर सिनेमाला निघालं की फक्त शेवट बघायला मिळतो. मास्तर ऐकून घ्यायचे आणि पुढच्या वळणावर पुन्हा थांबायचे. विचारलं तर एकच उत्तर. आमच्यासाठी कोणीतरी थांबला होता, म्हणून आज मी आहे.

ताईला मात्र या कोपरपुराणाचा मनस्वी कंटाळा. ताई चपलांच्या कारखान्यात तळवे शिवून निवृत्त झालेली, जिभेने तिखट, अंगाने बारीक, नवरा गेल्यापासून दोन गल्ल्या पलीकडे माडीवर एकटी राहायची. मास्तर नातेवाइकांत बसून ड्रायव्हरचं गुणगान सुरू करायला लागले की ती उठून स्वयंपाकघरात जायची. कोणी अडवलंच तर म्हणायची, ‘त्या ड्रायव्हरला माझा कोपरापासून नमस्कार. ऐकून ऐकून कान किटले.’ मास्तरांना वाईट वाटायचं. ट्रकात तर ही पण होती. हिला कशी कदर नाही? एकदा तर त्यांनी तोंडावर म्हटलंही, ताई, तू कृतघ्न आहेस. ताई आठवडाभर बोलली नाही, मग आपणच भाजी घेऊन आली.

डोळे अधू झाले आणि मास्तरांनी गाडी सोडली. सोडली म्हणजे सुनेने किल्ली काढून घेतली आणि परत दिली नाही. तेव्हापासून खुर्ची आणि फोटो, फोटो आणि खुर्ची. आणि एक गोष्ट मनाला डाचायला लागली. जन्मभर ज्याच्या नावाने चांगलं वागलो त्याचं नावच आपल्याला माहीत नाही. तो गेला असणार, हे तर उघडच होतं. पण त्याची मुलं असतील, नातवंडं असतील. त्यांच्या दारात जाऊन एकदा म्हणावं, तुमचा आजोबा थांबला होता हो. तुम्हाला माहीत असो नसो, पण थांबला होता. एवढं झालं की मी मरायला मोकळा. हे त्यांनी सुनेला सांगितलं. सून म्हणाली, बाबा, मरायचं सोडा, आधी ती दाढ दाखवून या.

दाढ दाखवायला गेले आणि तिथेच नशीब उघडलं.

दातांची डॉक्टरीणबाई मास्तरांचीच जुनी विद्यार्थिनी. तिने नुकताच नवा दवाखाना थाटला होता आणि थांबायच्या खोलीत, जिथे इतर डॉक्टर हसऱ्या बाळांची चित्रं लावतात, तिथे तिने जुन्या लष्करी गाड्यांचे फोटो लावले होते. जीप, ट्रक, तोफा ओढायच्या गाड्या. मास्तर दाढ विसरून भिंतीला नाक लावून उभे राहिले. आत बोलावलं तेव्हा खुर्चीत आडवं होता होता त्यांनी सगळी हकीकत सांगायला घेतली. पण तोंडात आरसा, नळी आणि बाईची दोन बोटं. अर्धा ट्रक तोंडातच राहिला. डॉक्टरीणबाई म्हणाली, ‘मास्तर, तुम्ही मला वर्षभर बोलू दिलं नव्हतं. आता माझी पाळी.’ दाढ निघाल्यावर मात्र कापसाचा बोळा दाबून धरत त्यांनी सगळं सांगितलं आणि तिचे डोळे लकाकले.

तिला या गाड्यांचं लहानपणापासून वेड. तिच्यासारखे वेडे इतर गावांतही पसरलेले होते. चाकाच्या नटांवरून गाडी ओळखणारे, मडगार्डच्या वळणावरून कारखाना सांगणारे. ती म्हणाली, ट्रक ओळखला की तो कुठल्या पलटणीकडे होता ते काढता येतं. पलटण कळली की ड्रायव्हरांची नावं मिळायचा रस्ता निघतो. मास्तरांना ढगांत चालल्यासारखं झालं. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधीच ते फ्रेम काखोटीला मारून पायरीवर हजर.

डॉक्टरीणबाईने फोटो फ्रेममधून काढला आणि दाताचे एक्स-रे बघायच्या पांढऱ्या दिव्यापुढे धरला. मग डोळ्यांवर चढवायचं ते भिंग चढवलं, ज्याने ती दाताची कीड शोधते. बराच वेळ बघत राहिली. तिला वाटलं होतं, एका नजरेत सांगेन. तोंड दिसतंय, काच दिसतेय, चाकं दिसताहेत, आणखी काय हवं? पण तोंड एका जातीच्या ट्रकचं वाटत होतं आणि मडगार्ड भलत्याच. ती म्हणाली, जरा वेळ लागेल. सुनेने फोटोची मोठी प्रत कॉम्प्युटरवर काढून दिली आणि ती प्रत चारी दिशांना वेड्यांकडे रवाना झाली.

मग जी भांडणं लागली म्हणता! एकाचं म्हणणं हा तीन टनी, दुसऱ्याचं म्हणणं डोळे फुटलेत का, एवढी आखूड केबिन तीन टनीला कुठे असते? तिसऱ्याने सांगितलं की हा दोन मोडक्या गाड्या जोडून बनवलेला आहे, लढाईत असं करायचे. चौथा रागावून बोलायचाच बंद झाला. मास्तर रोज संध्याकाळी दवाखान्यात जाऊन ताजी बातमी घ्यायचे आणि घरी येऊन सुनेला सांगायचे. भूक वाढली, चाल सुधारली. खालच्या बाजूचे गेलेले दात नवे बसवायचे होते, त्याचा साचा घ्यायचं राहतच होतं, पण मास्तरांना दातांत रस उरला नव्हता. त्यांनी नवीन शर्टसुद्धा शिवायला टाकला. ड्रायव्हरच्या घरी जाताना अंगावर बरं काही नको?

ताईच्या कानावर ही सगळी गडबड गेली तेव्हा तिने एवढंच विचारलं, की कशाला आता ती उकराउकर? मास्तरांनी नेहमीसारखं मनावर घेतलं नाही.

एका संध्याकाळी डॉक्टरीणबाईने निरोप पाठवला की पेशंट संपल्यावर या. मास्तर गेले. दवाखाना रिकामा होता, औषधाचा लवंगेसारखा वास होता. तिने त्यांना पेशंटच्या खुर्चीत बसवलं नाही, आपल्या शेजारी साध्या स्टुलावर बसवलं. तिथेच मास्तरांच्या मनात पाल चुकचुकली. इतकी वर्षं माणसांना गाडी शिकवली होती त्यांनी. समोरचा ब्रेक दाबायला घाबरतोय हे त्यांना चेहऱ्यावरून कळायचं.

‘सांगून टाका,’ ते म्हणाले. ‘शत्रूचा निघाला ना? मी तयारी केलीय मनाची. माणूस माणूस असतो.’

डॉक्टरीणबाईने मान हलवली. पडद्यावर फोटो मोठा करून तिने बॉनेटवर बोट ठेवलं. तिथे कोपऱ्यापासून मधोमध एक बारीक रेघ गेली होती, चादर नीट ताणली नाही की पडते तशी.

‘मास्तर, लोखंडाला सुरकुती पडत नाही.’

मग तिने हळूहळू बाकीचं दाखवलं. चाकांच्या मध्ये, जिथे आस हवी, स्प्रिंगचे पाटे हवेत, तिथून पलीकडचं गवत दिसत होतं. चाकांखालचं गवत ताठ उभं होतं, एवढं वजन अंगावर आल्याची खूण नाही. मागे पुढे कुठे चाकोरी नाही. ती म्हणाली, हा ट्रकच नाही. लाकडाचा सांगाडा आणि वर रंगवलेलं कापड. लढाईत असे खोटे ट्रक करून माळावर मांडून ठेवायचे. वरून विमानवाल्यांना वाटावं की इथे फौज आहे. त्यांनी बॉम्ब इथे टाकावेत आणि खरी फौज वाचावी. म्हणून तर कोणाला ओळखता येईना. आम्ही सगळे शहाणे कापडाची जात शोधत बसलो.

मास्तर बघतच राहिले. उभा जन्म ट्रकांत गेलेला माणूस, पाटे नसलेला ट्रक पाऊण आयुष्य डोळ्यांसमोर टांगलेला आणि कधी लक्षात आलं नाही. येणार कसं? त्यांनी ट्रककडे कधी पाहिलंच नव्हतं. पाहायचे ते कोपराकडे.

‘मग आम्ही आलो कशात?’ त्यांनी विचारलं.

‘ते मला नाही सांगता येणार. पण यातून नाही, मास्तर. हा जागचा हलला नसणार.’ मग तिने कोपराकडे बोट नेलं. कोट ज्याच्या अंगात होता त्याला तो फार मोठा होत होता, असं तिला वाटत होतं. बाही दुमडून दुमडून आखूड केलेली दिसत होती. आत बसायला बैठक नव्हती, म्हणजे कोणीतरी सांगाड्याच्या लाकडावर चढून उभं असणार.

मास्तरांना त्यातलं निम्मंही ऐकू गेलं नाही. ते उठले, फोटो घेतला आणि चिडून काहीबाही बोलले. तुम्हाला दात कळतात तेवढंच बघा, असंही बोलले. डॉक्टरीणबाईने वाईट वाटून घेतलं नाही. खाली रस्त्यापर्यंत हाताला धरून सोडायला आली.

घरी न जाता ते तडक ताईच्या माडीवर गेले. ताई टेबलाशी मटार सोलत बसली होती. मास्तरांना धाप लागली होती. त्यांनी फोटो शेंगांच्या टोपलीशेजारी ठेवला आणि म्हणाले, ‘ताई, हा ट्रक खोटा आहे.’

ताईचे हात थांबले.

‘कोणी सांगितलं?’

खोटा म्हणजे काय, कसा खोटा, हे नाही विचारलं. कोणी सांगितलं, हे विचारलं. मास्तर मटकन समोरच्या खुर्चीत बसले. तुला माहीत होतं, एवढंच त्यांच्या तोंडून निघालं. ताईने पदराला हात पुसले, उठून दार लावलं आणि परत येऊन बसली. मग तिने सांगितलं. तिला सांगायला फार वेळ लागला नाही. इतकी वर्षं मनात घोळवलेली गोष्ट, शब्द सगळे जागच्या जागी होते.

बाबा लढाईवर गेले ते परत आले नव्हते. त्यांचा कोट तेवढा मागे होता. गावावर बॉम्ब पडायला लागले तशी माणसं मिळेल त्या वाटेने निघाली. आईही निघाली, अंगात तो कोट, तान्हा मुलगा छातीशी आणि ताई कोटाला धरून. नऊ-दहा वर्षांची असेल ती. पहिल्याच दिवशी आईचा पाय ढिगाऱ्यात अडकून चिरला, मग तापही भरला. संध्याकाळी त्यांना लांब माळावर ट्रक दिसले, रांगेने उभे. आईला केवढा आनंद झाला. फौज आहे, म्हणाली, आता काळजी नाही. रस्ता सोडून, लंगडत लंगडत ती मुलांना घेऊन तिकडे गेली. ट्रकला हात लावला तर हात आत गेला. कापड.

पण आईच्या अंगात परत फिरायचं त्राण नव्हतं. वर छप्पर होतं, वारा अडत होता. ती तिथेच पडली. दोन-तीन रात्री त्या कापडी ट्रकात काढल्या. मग एका सकाळी एक शिपाई आला. त्या ट्रकांची डागडुजी करणारा, हाताला रंग लागलेला. आपलं काम लांबून कसं दिसतं हे बघायला त्याच्याकडे कॅमेरा होता. आतून बाळाचं रडणं ऐकून तो इतका दचकला की त्याच्या हातून रंगाचा डबाच पडला. मग हसला. म्हणाला, आज पहिल्यांदा माझ्या गाडीत प्रवासी बसलेत, थांबा. आईला पुढे उभं केलं. ताई बाबांचा कोट घालून लाकडावर चढली आणि ड्रायव्हरसारखी ऐटीत खिडकीत कोपर टेकून बसल्यागत उभी राहिली. लहान पोर, खेळ वाटला तिला.

‘कोपर तुझं,’ मास्तर म्हणाले.

‘माझं नाही तर कोणाचं?’

फोटो काढून झाल्यावर शिपायाचा चेहरा पालटला. त्याने आईला सांगितलं की बाई, ही जागा बॉम्ब पडावेत म्हणून मांडलेली आहे. आजच पळा. त्याला आपली जागा सोडता येत नव्हती. त्याने जवळची भाकर दिली, रस्ता दाखवला. ते निघाले. संध्याकाळी मागे माळावर आवाज सुरू झाले तेव्हा ते टेकडीच्या पलीकडे होते. बऱ्याच महिन्यांनी तो शिपाई छावण्या धुंडाळत त्यांच्याकडे आला. तिघं जिवंत आहेत हे त्याने बघितलं. फोटो आईच्या हातात ठेवून बाहेर जाऊन उभा राहिला आणि तसाच निघून गेला. आईला त्या फोटोकडे बघवायचं नाही. मी माझ्या हाताने लेकरांना बॉम्बच्या तोंडी नेऊन झोपवलं, हे तिच्या मनातून शेवटपर्यंत गेलं नाही. म्हणून तो ट्रंकेच्या तळाशी होता. फाडवलाही नाही तिच्याने.

‘आणि टेकडीनंतर?’ मास्तरांनी विचारलं. ‘आईचा पाय तसा, अंगात ताप. तिने मला कसं आणलं?’

ताईने एक शेंग उचलली आणि न सोलता परत ठेवली. म्हणाली, तिने कसलं, तिला काठीवर स्वतःचं अंग सावरत नव्हतं. मी आणलं. चादरीची झोळी करून गळ्यात बांधली होती. किती दिवस ते आठवत नाही. रात्र झाली की झोपायचं, उजाडलं की चालायचं.

मास्तर संतापले. माणूस फार हललं की आधी रागावतंच. एवढं सगळं होऊन गेलं आणि मला थापा? मी घरादाराला, परक्यांना, शाळेतल्या पोरांना त्या ड्रायव्हरची गोष्ट सांगत फिरलो. नवा शर्ट शिवायला टाकला मी, ताई. नसलेल्या माणसाच्या नातवंडांना भेटायला. तुझ्यासमोर तुला कृतघ्न म्हणालो आणि तू ऐकून घेतलंस. तेव्हा तरी सांगायचंस.

ताईने त्यांना बोलू दिलं. ते थांबल्यावर ती शांतपणे म्हणाली, ‘रस्त्याने ट्रक जात होते रे. खरे. रोज जायचे. मी हात करायची, ओरडायची, तुला उचलून दाखवायची. एकही थांबला नाही. त्यांचीही काही अडचण असेल, लढाई होती. पण एकही नाही.’

मास्तरांनी फोटो उचलून हातात घेतला.

‘तू फोटो घेऊन विचारायला आलास तेव्हा आई तुला हे सांगणार होती? रात्री दचकून उठणाऱ्या पोराला? तिने तुझ्यासाठी एक ट्रक थांबवला. मला बाजूला घेऊन म्हणाली, त्याला असं वाटू दे की वाटेत कोणीतरी थांबतं. मला राग आला होता तेव्हा. मी पण लहानच होते. मी एवढं केलं आणि नाव त्या मिशावाल्याचं. नंतरही यायचा राग, तू सुरू झालास की. म्हणून तर उठून आत जायची मी.’

‘मग मी मोठा झाल्यावर?’

‘मोठा झालास आणि थांबायला लागलास. एक दिवस तुझ्या गाडीत मागे बसले होते, पावसात. तू त्या लेकुरवाळीसाठी गाडी थांबवलीस, खाली उतरून दार उघडलंस. ती बाई रडायला लागली. आठवतं? तुला नसेल आठवत, तुझी रोजचीच गंमत. मला आठवतं. मी मनात म्हटलं, अरे, थांबला की एक. उशिरा थांबला, पण आपल्या घरचाच थांबला. मग कशाला सांगू? सांगितलं असतं आणि तू थांबायचा बंद झाला असतास तर?’

मास्तरांना रडू आलं. त्यांनी ते लपवलं नाही. ज्याचे आभार मानायला ते दार शोधत होते, त्या दारात ते रोज उठून चपला काढत होते आणि आत जाऊन भाजीला मीठ कमी आहे म्हणत होते. आता समोर बसल्यावर आभार मानायचे कसे, ते कळेना. बहिणीला आभारी आहे म्हटलं असतं तर तिने शेंगांचं टोपलं डोक्यात घातलं असतं. त्यांना आई आठवली, लंगडी, तापलेली, रोज रात्री एका मिशावाल्याला नवं वाक्य शिकवणारी. त्यांच्या डोळ्यांपुढे तो रंगारी शिपाई आला, ज्याला त्यांनी कळत्या वयात कधी पाहिलंही नव्हतं, जो तीन जीव जगले का हे बघायला छावण्या पालथ्या घालत आला. एका कोपरासाठी सांभाळून ठेवलेली कृतज्ञता किती जणांना पुरली असती.

पण एक गोष्ट त्यांच्या ध्यानात आली. ड्रायव्हरबद्दल त्यांनी आईला हजार गोष्टी विचारल्या होत्या. त्याला झोप मिळाली का, त्याने काय खाल्लं, त्याला भीती वाटली का. त्या पोरीला मात्र आजवर कोणी काहीच विचारलं नव्हतं. आईने विचारलं नाही, तिच्या नवऱ्याला माहीत नव्हतं, आणि भाऊ तर तिच्यासमोर दुसऱ्याचंच कौतुक करत बसला होता.

ते खुर्ची ओढून तिच्या अगदी समोर बसले. ताईचे पाय सुजले होते, रोज संध्याकाळी सुजायचे. मास्तरांनी ते उचलून आपल्या मांडीवर घेतले. ती ओढून घ्यायला लागली, चळ लागला का तुला म्हणाली, पण त्यांनी सोडले नाहीत.

‘ताई,’ ते म्हणाले, ‘दमली होतीस का गं?’

ताई त्यांच्याकडे बघत राहिली. तिने पाय ओढायचं सोडलं. 

‘खूप रे,’ ती म्हणाली. ‘खूप दमले होते.’